छावणीबाहेरची राख

वाचावयाचा भाग : लेवीय, अध्याय 6, वचनें 8 ते 13



ह्या भागांत होमार्पणाचा नियम आहे. वेदीवरचा अग्नि रात्रभर जळत राही, आणि सकाळीं जी राख उरे तिची व्यवस्थाही देवानें सांगून ठेविली. याजकानें तागाचीं वस्त्रें घालून राख उचलावी व वेदीच्या बाजूस ठेवावी. मग वस्त्रें बदलून ती छावणीबाहेर, परंतु शुद्ध अशा जागीं न्यावी. धर्मशिक्षण घेत असतां हीं वचनें मीं घाईनें ओलांडलीं होतीं. कोराडीच्या रस्त्यानें जाणें-येणें वाढलें तेव्हां तीं मला पुन्हां आठवूं लागलीं.

नागपूरच्या उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथें विजेचीं मोठीं केंद्रें आहेत. त्यांपैकीं कोराडीचें 1974 सालीं सुरू झालें. आपल्या देशाच्या कोळशांत माती-दगडाचा अंश फार. शंभर मण कोळसा जाळला तर सुमारें तीस ते चाळीस मण राख उरते. थोडी जाड राख भट्टीच्या तळाशीं पडते. बहुतेक पिठासारखी बारीक असून धुराबरोबर वर जाते, ती चिमणीच्या अलीकडे यंत्रांनीं धरतात. पुष्कळशी राख पाण्यांत कालवून नळांनीं दूर नेतात व बांध घालून केलेल्या तलावांत सोडतात. 2022 च्या जुलै महिन्यांत मोठ्या पावसांत खसाळा येथील असा एक बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत व वस्तींत शिरला, आणि ओढ्यांवाटे नदीकडे वाहिला. जवळच्या कन्हान नदीचें पाणी नागपूर शहर पितें.

येथें माताभगिनींस एक सूचना करितों. चुलीच्या राखेनें आपण भांडीं घासतों, ती लाकडाची व गोवऱ्यांची. दगडी कोळशाच्या राखेंत सोमल, शिसें, पारा ह्यांचे अंश असतात. ती घरांत आणूं नका, मुलांस तींत खेळूं देऊं नका.

गेल्या वर्षीं एका मंडळीनें उपासनागृहाचें कुंपण बांधावयाचें ठरविलें. राखेच्या विटा घ्याव्या अशी सूचना येतांच एक वृद्ध वडील उठले व म्हणाले, “पाळकसाहेब, ईयोब राखेंत बसला, निनवेचा राजा राखेंत बसला. राख ही शोकाची खूण. आणि ज्यांनीं जाळलें त्यांनीं ती न्यावी. आम्हीं कां वाहावी?”

मला चटकन उत्तर सुचलें नाहीं. डोक्यावर विजेचा दिवा जळत होता. त्याच्याकडे बोट दाखवून मीं म्हटलें, “बाबा, हाही त्याच वेदीवरचा आहे.” ते हंसले नाहींत.

त्यांचें म्हणणें अर्धें खरें आहे, हें मला कबूल केलें पाहिजे. ज्याच्या हातीं अग्नि त्याच्याच हातीं राख, असाच शास्त्राचा नियम आहे. छावणीबाहेर कोण राहतो ह्याच्याशीं मला काय, असें म्हणण्याची मोकळीक याजकास नव्हती. सरकारच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनेंही सर्व राख सिमेंट, विटा, रस्ते, जुन्या खाणींची भरती अशा कामीं लावण्याचें बंधन केंद्रांवर घातलें आहे. तें मागणें हा कलह नव्हे. इब्री लोकांस लिहिलेलें पत्र सांगतें कीं, आपल्या प्रभूनें वेशीबाहेर दुःख सोसलें. तर मग जेथें राख जाऊन पडते तेथील लोकांस आपण परके कसे मानावें?

उपदेशक बंधूंनो, राख उडते ते दिवस वहींत लिहून ठेवा. विहिरीचें पाणी तपासून घ्या. ग्रामसभेंत बसा, आणि तेथें आपल्याच मंडळीपुरतें बोलूं नका.

कुंपण राखेच्या विटांचेंच झालें. ते वडील पायाभरणीस आले नाहींत. पण गांवानें ग्रामसभेस जो अर्ज दिला त्यावर पहिली सही त्यांचीच आहे.