न उघडलेला निरोप

आम्ही भिवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ‘सर, वही घरी राहिली’ हे वाक्य दिवसाकाठी चार तोंडांतून ऐकतो आणि चेहरा पाहूनच खरे-खोटे ओळखतो, असा आमचा समज आहे. पण 2025 साली आम्ही स्वतः जे खोटे वागलो, ते खोटे होते हे कळायला आम्हाला दीड महिना लागला.

त्या रात्री आम्ही मोबाइलवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ पाहत होतो. रीमा कागती यांचा हा चित्रपट 28 फेब्रुवारी 2025 रोजी चित्रपटगृहांत आला होता. आम्ही तो नंतर घरी बसून पाहिला. गोष्ट खऱ्या माणसांची आहे. मालेगावच्या नासिर शेख यांनी मित्रांना गोळा करून साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे यंत्रमागावर काम करणारा शफीक त्यांचा ‘सुपरमॅन’ झाला. फैजा अहमद खान यांनी त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपटही केला होता. शफीक पुढे कर्करोगाने गेला. चित्रपटात नाव झाल्यावर मित्र दुरावतात आणि एकजण आजारी पडल्यावर पुन्हा एकत्र येतात. आमचे शहरही मागांचे. खटखट आवाजातच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कडेला एक ओळ आली, ‘मास्तर, जागा आहेस?’

पाठवणारा आमचा लहानपणापासूनचा मित्र. त्याचे चार माग आहेत, त्यातले दोन बंद. दोन वर्षांपूर्वी त्याने आमच्याकडून पाच हजार रुपये घेतले होते आणि बोलल्या दिवशी परतही केले होते. तरी आमच्या मनात पहिला विचार पैशाचाच आला. आम्ही ती ओळ बोटाने बाजूला सारली आणि मैत्रीवरचा चित्रपट पुढे पाहू लागलो. संपल्यावर, रात्री दीडच्या सुमारास, आम्ही आमच्या स्टेटसला लिहिले की दोस्तीहून मोठी दौलत नाही. मित्राचा निरोप मात्र उघडला नाही. उघडला असता तर टिक निळी झाली असती. सकाळी उघडला आणि उत्तर दिले, ‘आत्ताच पाहिले. काय रे?’ तो म्हणाला, ‘काही नाही, सहज.’

चार दिवसांनी बाजारात दुसऱ्याच कोणाकडून कळले. त्या रात्री त्याच्या अम्मीला दम लागला होता. दवाखान्यात एकट्याने धावपळ करताना कोणीतरी जवळ हवे होते, इतकेच. अम्मी बऱ्या होऊन घरी आल्या, हे ऐकून आम्ही अल्लाचे आभार मानले. मग मनाशी हिशेबही मांडला : आपण निरोप उघडलाच नव्हता, तेव्हा ‘आत्ताच पाहिले’ यात फारसे खोटे काय?

शहाणी माणसे या प्रश्नावर फार पूर्वी बोलून गेली आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1797 सालच्या निबंधात सांगितले की, मित्राचा जीव घ्यायला आलेल्या माणसाशीही खोटे बोलू नये. इमाम गझाली यांचे मन जास्त मोकळे. बोलणे हे हेतू साधण्याचे साधन आहे, असे ते ‘इह्या’मध्ये म्हणतात. जो चांगला हेतू खरे बोलून साधतो, तिथे खोटे हराम. पण दोन माणसांची दिलजमाई करायची असेल तर सवलत आहे. कांटच्या दारात तर आम्हाला प्रवेशच नव्हता. गझालींच्या दारात गेलो तर ते विचारणार, तुझा हेतू काय होता? आमचा हेतू झोप हा होता.

यात यंत्राचा दोष किती? पूर्वीही लोक दार वाजले की पोराला सांगत, ‘अब्बा घरी नाहीत म्हण.’ म्हणजे खोटे जुनेच आहे. फरक एवढाच की तेव्हा निदान एक पोर साक्षीला असे. ते मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडे पाही आणि आपल्याला लाज वाटे. मोबाइल आपल्याकडे तसे पाहत नाही.

बकरी ईदला नेहमीप्रमाणे मित्राच्या मुलाच्या हातून बिर्याणीचा डबा आला. आम्ही पोटभर जेवलो. डबा धुऊन ओट्यावर ठेवला गेला. आपल्यात शेजारधर्माचा डबा रिकामा परत जात नाही. घरच्यांनी विचारले, ‘यात काय घालू?’ या साध्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आठवडाभर तो डबा ओट्यावर होता आणि पाणी प्यायला गेले की आमच्याकडे पाहत होता.

शेवटी शेवयांची खीर भरून आम्ही स्वतः गेलो. माग चालू होते, म्हणून मोठ्याने बोलावे लागले. आम्ही म्हणालो, ‘त्या रात्री मी जागा होतो.’

तो म्हणाला, ‘ठाऊक आहे. तुझे स्टेटस दवाखान्याच्या बाकावर बसून वाचले होते.’ आणि त्याने पोराला चहा आणायला पिटाळले.

म्हणजे त्यानेही पाहिले होते आणि न पाहिल्यासारखे केले होते. वरून ईदचा डबाही पाठवला होता. मग तोही खोटे वागला का? परतताना आम्ही हाच विचार करत होतो. उर्दूत एक शब्द आहे, ऐबपोशी. दुसऱ्याचा दोष दिसला तरी त्यावर पांघरूण घालणे. आम्ही पाहिलेले लपवले ते स्वतःला वाचवायला. त्याने लपवले ते आम्हाला. बाहेरून दोन्ही कृती एकसारख्या दिसतात. त्यांतला फरक कोणती टिक दाखवणार? तो आपला आपल्यालाच तपासावा लागतो.

चुकीची कबुली दिल्याने सारे मिटले, असे आम्ही म्हणणार नाही. ‘जागा आहेस?’ असा निरोप त्याच्याकडून अजून पुन्हा आलेला नाही. रात्री मोबाइल उशाशी ठेवताना आम्ही आवाज चालू ठेवतो.