लाकडाचा घाट, दगडाचे द्रव्य

वस्तूत खरे टिकणारे काय, तिचे द्रव्य की तिचा घाट, हा भारतीय तत्त्वचिंतनातला फार जुना प्रश्न आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, तो कारागिरांच्या सामग्रीवरून समजावतो. मातीचा गोळा, सोन्याचा तुकडा आणि नखे काढायची लोखंडी नराणी हे त्याचे तीन दाखले. एक गोळा कळला की मातीची सारी भांडी कळली. मडके, घागर, पणती ही नुसती नावे, खरी ती माती. लोखंडाचेही तसेच. या तिन्ही दाखल्यांत द्रव्याला सत्याचा मान मिळतो आणि घाटाला केवळ नावाचा.

देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंतच्या डोंगरांत या निकालाविरुद्ध जाणारा मोठा पुरावा उभा आहे. देहूरोडजवळ शेलारवाडीला घोरावडेश्वराची लेणी, कामशेतच्या दक्षिणेला बेडसे, मळवलीला भाजे आणि त्यासमोरच्या डोंगरात कार्ले. भाजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले, कार्ल्याचा चैत्य, म्हणजे स्तूपाच्या पूजेचे दालन, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. या लेण्यांत द्रव्य बदलले आणि घाट मात्र टिकून राहिला.

डोंगर बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. काही थर घट्ट आणि एकसंध, काही भोकाळ. दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते. लेणे कोठे कोरायचे याचा निर्णय म्हणून आधी थर पाहून करावा लागे. काम वरून खाली चाले. आधी छताची कमान कोरायची, मग खाली उतरत खांब मोकळे करायचे, शेवटी जमीन. सुताराला चुकलेली फळी बदलता येते. पाथरवटाच्या हातून खांबाचा टवका उडाला तर तो परत बसत नाही. बांधकामात जोडत जायचे असते, लेण्यात काढत जायचे असते, आणि हे दोन प्रकार मनाला दोन वेगळ्या शिस्ती लावतात.

हे सारे लोखंडाच्या बळावर झाले. बेसाल्टवर छिन्नी लवकर बोथट होते. ती भट्टीत तापवून, ठोकून, पाणी देऊन पुन्हा धारेवर आणावी लागते. पाणी कमी बसले तर टोक दुमडते, जास्त बसले तर तुटते. त्यामुळे पाथरवटामागे लोहार उभा असणारच. लेण्यांच्या शिलालेखांत धातूच्या धंद्यातली माणसे दिसतात ती दाते म्हणून: रायगड जिल्ह्यातल्या कुडा येथे एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान केले आहे, आणि जुन्नरच्या लेखांत काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख येतो.

एवढ्या कष्टाने त्या कारागिरांनी दगडात जे कोरले ते लाकडी इमारतीचे रूप होते. भाज्याच्या चैत्यातले खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी मंडपात गोल छप्पर खांबांना बाहेर रेटते, म्हणून सुतार खांब आत कलता ठेवतो. डोंगरात कोरलेल्या छताला असा रेटा नसतो, तरी खांब कललेलेच. भाज्याचा दर्शनी भाग मुळात लाकडाचाच होता. तो नाहीसा झाला आणि त्याच्या तुळया जिथे शिरत होत्या ती भोके दगडात राहिली. कार्ल्याला खांब सरळ उभे झाले, पण त्यांच्या तळाशी दगडी घडे आले. लाकडी खांबाला वाळवी लागू नये म्हणून तो घड्यात उभा करण्याची रीत होती, तिची ही आठवण असल्याचे अभ्यासक मानतात. बेडशाच्या ओसरीतल्या उंच खांबांनाही असेच घडे आहेत.

कार्ल्याचा चैत्य सुमारे 37 मीटर लांब आणि 14 मीटर उंच आहे. सदतीस खांबांच्या रांगेवर दगडाची कमान आहे आणि त्या कमानीला आतून सागवानी कड्या बसवलेल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच कड्या मूळच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. स्तूपावरचे लाकडी छत्रही तसेच जुने. या कड्या काहीही तोलत नाहीत. डोंगर स्वतःलाच तोलतो. पुढे अजिंठ्याच्या एकोणिसाव्या आणि वेरूळच्या दहाव्या लेण्यात याच कड्या दगडातून कोरल्या गेल्या, आणि लाकूड पूर्ण संपले. वेरूळच्या त्या लेण्याला लोक विश्वकर्म्याचे लेणे किंवा सुताराचे झोपडे म्हणत आले. त्यात लाकडाचा तुकडा नाही, तरी लोकांनी ते सुताराच्या नावावर केले, आणि ही ओळख अचूक आहे.

‘कारागिरांना दुसरे काही येत नव्हते, म्हणून त्यांनी सवयीने नक्कल केली’ असे याचे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते तोकडे आहे. याच कारागिरांनी याच डोंगरात भिक्षूंसाठी सपाट छताच्या, चौकोनी, साध्या खोल्या कोरल्या. दगडाला सोयीचा घाट त्यांना चांगला ठाऊक होता. पूजेच्या जागी मात्र त्यांनी तो जाणून बाजूला ठेवला.

दर्शनांच्या कसोटीवर हे उदाहरण घासून पाहता येते. सांख्य म्हणतात की कार्य कारणात आधीच असते. तिळात तेल असते म्हणून ते निघते, वाळूतून निघत नाही. लेणे कोरताना नुसते काढायचे असते, म्हणून वरवर पाहता हे मत इथे फार जुळते: चैत्य डोंगरात होताच, कारागिराने तो उघडा केला. पण कड्यांचे छप्पर ही बेसाल्टची प्रवृत्ती नव्हे. ते सागाच्या लवचीकपणातून जन्मले. त्या अर्थाने दगडातून तिळाचे नव्हे, दुसऱ्याच बियाचे तेल निघाले.

न्याय-वैशेषिकांच्या मते कार्य नवे असते. सूत हे पटाचे समवायी कारण, सुतांचा संयोग हे असमवायी, विणकर आणि माग ही निमित्त कारणे. लेण्यात अवयव नाहीत आणि संयोगही नाही, सगळा एकच खडक. त्यामुळे ही मांडणीही पुरती बसत नाही. तरी तिने एक गोष्ट दिली जी उद्दालकाच्या दाखल्यात राहून गेली होती: करणारा हात. मातीचा गोळा आणि घागर यांच्यामध्ये कुंभार असतो, आणि त्याला वगळून मातीचे सत्य सांगितले की शिकण्याचा सगळा भाग गळून पडतो.

कार्ल्याच्या दारावर हा हात नावानिशी भेटतो. तिथला ब्राह्मी लेख सांगतो की धेनुकाकट या ठिकाणचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केले. दगडाचे दार, आणि करणारा सुतार! लाकडाची जाण दगडात कशी उतरली, हे या एका लेखाइतके दुसरे काही सांगत नाही. तासणी आणि रंध्याने शिकलेले प्रमाण छिन्नी-हातोड्याच्या हाती आले. ते नुसत्या सांगण्याने येत नाही. खडक कुठे दाद देतो, कुठे सांधा आडवा आहे, घाव केवढा घालायचा, हे मनगटाला कळावे लागते. साग आणि बेसाल्ट दोघेही शिकवतात, पण शिस्त वेगवेगळी लावतात.

बौद्ध उत्तर या ठिकाणी सर्वांत जवळ येते. मिलिंदपञ्हात यवन राजा मिलिंद विचारतो, काहीही पलीकडे न जाता पुनर्जन्म कसा होतो? भिक्षू नागसेन दोन दाखले देतो. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातले काही उठून दुसऱ्यात जात नाही. आणि शिष्य गुरूकडून श्लोक शिकतो, तेव्हा श्लोक गुरूला सोडून जात नाही. कार्ल्याच्या खांबांपैकी काही धेनुकाकटच्या यवनांनीच दिलेले आहेत, हा योगायोग सुंदर आहे. लाकडाचा घाट दगडात गेला तो असा: लाकूड गेले नाही, त्याचा अंशही गेला नाही, शिकण्याची परंपरा पुढे सरकली. घाट द्रव्यात नसतो आणि कुठल्या नित्य साच्यातही नसतो. तो एका हातातून दुसऱ्या हातात शिकवला जातो तोवरच असतो.

मग सर्व अनित्य मानणाऱ्यांनी एवढा टिकाऊ दगड का निवडला, अशी शंका उरते. मावळचा पाऊस हे तिचे पहिले उत्तर. भिक्षूंना वर्षावासासाठी कोरडी जागा हवी होती आणि इथे लाकूड कुजते. दुसरे उत्तर दात्यांचे. शेलारवाडीचा लेख धेनुकाकटच्या एका शेतकरी कुटुंबातल्या स्त्रीचा आहे. मुलासह तिने लेणे दिले. दान ज्याला द्यायचे त्या संघाच्या उपयोगी ते दीर्घकाळ पडावे, एवढीच त्यामागची इच्छा. दगड टिकाऊ आहे, नित्य नाही, हा फरक त्या काळच्या उपासकांना कळत असणार. त्याच शेलारवाडीच्या मुख्य लेण्यात आज शिवलिंग पूजले जाते. खडक तोच, देव बदलला.

वारकरी परंपरेने हाच प्रश्न सोन्याच्या दाखल्याने घेतला. ज्ञानदेव चांगदेव पासष्टीत सोने आणि दागिना यांविषयी सांगतात, पण उद्दालकाप्रमाणे दागिन्याला नुसते नाव ठरवत नाहीत. सोनेपण तसूभर न घटता सोने दागिना होते. रूप हे द्रव्याचे उणेपण नसून त्याचा विलास आहे. घाटाला इतका मान देणारी अद्वैताची मांडणी विरळा. देहूत या विचाराला कागद आणि पाण्याची कसोटी लागली. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आज देहूच्या गाथा मंदिरात हे अभंग संगमरवरावर कोरलेले आहेत. कागद, कंठ, संगमरवर अशी द्रव्ये बदलली. मधल्या काळात अभंग वाहिला तो प्रामुख्याने कंठाने, टाळकऱ्याने टाळकऱ्याला शिकवत.

याच परिसरातल्या, दारूगोळ्याचे कारखाने आणि लष्करी डेपो असलेल्या देहूरोडमध्ये 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आणलेली होती. नागपूरच्या धर्मदीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. 1957 साली त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात पुनर्जन्माचा प्रश्न ते थेट द्रव्याच्या भाषेत मांडतात. शरीर पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे बनलेले असते. मृत्यूनंतर ही द्रव्ये नष्ट होत नाहीत, अवकाशातल्या आपल्यासारख्याच द्रव्यांच्या साठ्यात मिसळतात आणि त्यांतून पुन्हा नवे जुळते. आत्मा मात्र कुठून कुठे जात नाही. या मांडणीत द्रव्य उरते आणि जुळणी मोडते. कार्ल्यात द्रव्य मागे राहिले आणि जुळणी पुढे गेली. दोन्हीकडे नित्य आत्म्याची गरज पडत नाही. पण जुळणी पुढे जाते ती आपोआप जात नाही, तिला सामीसारखा शिकलेला माणूस लागतो, आणि चार महाभूतांच्या हिशेबात तो माणूस वेगळा धरावा लागतो.