अधिष्ठान

१९७२ साली उत्तर अमेरिकेत वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही आइस हॉकीची नवी व्यावसायिक लीग आकाराला येत होती, आणि तिच्यातला एक संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या वाट्याला आला होता, शार्क्स नावाचा. नाव ठरले, हक्क मिळाला, पण पैशाचे पाठबळ काही जमेना. आणि बर्फावर पहिले पाऊल पडायच्या आधीच तो हक्क कॅनडातल्या क्वेबेक शहराच्या मंडळींनी विकत घेतला. सुहृदहो, तिथे सारे काही होते, नव्हते ते अधिष्ठान. आणि ते नसल्यामुळेच संघाचे जाणे इतके सोपे झाले.

क्वेबेकने संघाला नोर्दिक म्हटले आणि फ्रेंच भाषकांचे दैवत असलेल्या मॉरिस रिशार यांना प्रशिक्षक नेमले. दोन सामन्यांत ते पायउतार झाले. थोरांच्या नावावर भिस्त ठेवण्याचा मोह कुणाला सुटला आहे? परंतु अधिष्ठान नेमणुकीने येत नसते. हाडे गोठवणाऱ्या रात्री कोलिझे क्रीडागृहात येऊन बसणाऱ्यांच्या निष्ठेने आणि निळ्या जर्सीवर आपल्याच प्रांताच्या ध्वजावरचे लिलीचे फूल पाहून भरून येणाऱ्या उराने ते थरावर थर चढत घट्ट होत गेले, आणि १९७९ साली संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, गेला तेव्हा त्याच्या पायाखाली ते होते. तिथे मॉन्ट्रियलशी सामना असला की एकाच घरात दोन तट पडू लागले, आणि ते आणखी घट्ट झाले.

मग १९९५ साली तोच संघ डेन्व्हरला गेला, कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याने एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप जिंकला. म्हणजे अधिष्ठानावाचून विजय मिळतो काय? मिळतो, हे मान्य करायलाच हवे. कारण खेळाडू जातात, त्यांचे कौशल्य जाते, हक्काचे कागद तर सर्वांत आधी जातात, आणि या साऱ्यांच्या बळावर चषक मिळू शकतो. अधिष्ठान तेवढे सामानात बांधता येत नाही. ते क्वेबेकमध्येच राहिले, आणि ज्याच्यासाठी ते घडले तो निघून गेल्यावरही आपले काम करीत राहिले.

२०१० साली हजारभर क्वेबेकवासी निळ्या जर्सी घालून न्यूयॉर्कजवळ दुसऱ्याच दोन संघांचा सामना पाहायला गेले, केवळ आपण अजून आहोत हे दिसावे म्हणून. २०१५ साली तर शहरात १८ हजारांहून अधिक आसनांचे नवे क्रीडागृह उघडले, मूर्ती यायच्या आधीच गाभारा बांधावा तसे. एनएचएलचा संघ अजून आलेला नाही. तिथे रॅम्पार्ट्स हा तरुण मुलांचा संघ खेळतो, आणि लोक त्याचेही सामने पाहायला जातात.