बाण कधी सोडायचा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आपल्या परिवारातला एक तरुण नोकरीसाठी अमेरिकेत आहे. त्याने एक प्रश्न पाठवला. तिथे ठरलेल्या हंगामात, परवाना काढून, धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. त्याच्या ऑफिसातले लोक सांगतात की नेम शिकता येतो, पण चालत्या हरणावर बाण कधी सोडायचा हे ठरवणं सगळ्यात कठीण. त्याने विचारलं, "आपल्या शास्त्रात यावर काही आहे का?"

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे, आणि आपल्या उपासनेत तर जीवहत्येला जागाच नाही. तरी प्रश्न टाकून द्यावा असा नाही. कारण बाण आपणही रोज सोडतो. आपला बाण शब्दाचा असतो, एवढंच.

आधी शिकारीतली अडचण समजून घेऊ. आजच्या चांगल्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८० मीटर जातो. हरीण २५ मीटरवर असेल, तर बाण पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्यात सावकाश चालणारं हरीण फूटभर पुढे गेलेलं असतं, आणि धावणारं तर तीन मीटरच्याही पुढे. शिवाय दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो. तो ऐकून हरीण उडी मारायला अंग खाली दाबतं. म्हणजे ज्या हरणावर नेम धरला, ते हरीण बाण पोचेपर्यंत त्या जागी नसतंच! बाण भलतीकडे लागतो आणि मुकं जनावर जखम घेऊन रानात तडफडत राहतं. म्हणून जाणते शिकारी धावत्या हरणावर बाण सोडत नाहीत. ते थांबेल, आडवं उभं राहील, मध्ये फांदी नसेल, तेव्हाच सोडतात. नाहीतर रिकाम्या हाताने घरी जातात, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

आता आपल्या शास्त्राकडे या. बघा, तीन मोठे धनुर्धर तीन ठिकाणी चुकले.

*पहिले दशरथ राजा.* पावसाळ्याची रात्र, शरयूचा काठ. पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज आला. राजाला वाटलं, हत्ती पाणी पितोय. आवाजावर बाण मारण्याची विद्या अंगात होती, लगेच सोडला. लागला श्रावणबाळाला. विद्या अचूक होती, बाणही अचूक गेला. पण दिसलं काहीच नव्हतं.

*दुसरा जरा व्याध.* हे ठिकाण आपल्याला जवळचं आहे. ८ नोव्हेंबर २०२० ला हजीरा-घोघा रो-रो फेरी सुरू झाल्यापासून आपल्यातली किती तरी कुटुंबं बोटीने घोघ्याला उतरून पुढे सोमनाथला जातात. तिथेच वेरावळजवळ भालका तीर्थ आहे. भगवान श्रीकृष्ण पिंपळाखाली विसावले होते. झाडीतून जराला फक्त पाऊल दिसलं. ते त्याला हरणाचं वाटलं. दशरथाला काही दिसलं नव्हतं, जराला अर्धं दिसलं. उरलेलं अर्धं त्याच्या मनाने भरलं, कारण मनात हरीणच होतं. मनात जे असतं तेच डोळ्याला दिसतं, नाही का?

*तिसरा पांडू राजा.* याला तर सगळं स्पष्ट दिसत होतं. हरणांची जोडी समोर होती, रमलेली. त्याने बाण मारला. ते हरणाच्या रूपातले किंदम ऋषी निघाले. महाभारतात ऋषींचं म्हणणं फार विचार करण्यासारखं आहे. तू हरीण मारलंस याचा मला राग नाही, असं ते म्हणतात. राजे शिकार करतातच. पण तू थोडा थांबला का नाहीस? म्हणजे तक्रार शिकारीची नाही, वेळेची आहे. दिसलं खरं, पण क्षण चुकला, आणि तो शाप राजाच्या जिवावर उठला.

आणि चौथा? चौथा कोणी राजा नाही, साधा व्याध आहे. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली, बारामतीला 'शिवलीलामृत' लिहिलं. त्याच्या दुसऱ्या अध्यायात तो भेटतो. दर महाशिवरात्रीला आपण त्याची कथा ऐकतो. तळ्याकाठच्या बेलाच्या झाडावर तो रात्रभर बसला आहे. घरी पोरंबाळं उपाशी आहेत. हरणी पाण्यावर येते, तो बाण जोडतो. ती म्हणते, मी गाभण आहे, बाळंत होऊन परत येते. हा बाण उतरवतो. पुन्हा दुसरी, पुन्हा तेच. झाडाची पानं तोडून खाली टाकत तो जागत राहतो, आणि ती पानं खालच्या शिवलिंगावर पडत राहतात. त्याला पूजा येत नव्हती. आपण पूजा करतोय हेही त्याला ठाऊक नव्हतं. *त्याचं थांबणंच पूजा झालं.* पहाटे सगळी हरणं दिल्या शब्दाप्रमाणे परत आली, 'आधी मला मार' म्हणू लागली, आणि त्याच्या हातून धनुष्य गळून पडलं.

आता घरात या. समजा, आपल्यापैकी कोणी रात्रपाळीला आहे. पहाटे साडेतीन वाजलेत, डोळे चुरचुरतायत. मोबाइलवर मेसेज येतो: पुण्याला शिकणारा मुलगा तीन विषयांत नापास. दोन महिने त्याने घरी सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता चालू आहे. मुलगा त्याच रात्री गाडीत बसून सुरतला यायला निघाला आहे. बाप कुटुंबाच्या ग्रुपवरच टाइप करतो, "इथे तोंड दाखवू नकोस."

राग खोटा आहे का? नाही. कष्टाचा पैसा आहे. पण हरीण हलतंय! पोरगं घाबरून घराकडेच निघालंय. कदाचित आपणहून सांगायलाच येत असेल. बापाला दिसतोय दोन महिन्यांपूर्वीचा, लपवणारा मुलगा. बाण लागेल तो आत्ता घरी यायला निघालेल्याला. चालत्या गाडीच्या दाराशी एकटा उभा असताना त्याने ते वाक्य वाचलं तर? मग ते 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून काय उपयोग? फोनमधून जाईल, मनातून जाणार नाही.

सद्गुरू आपल्याला नेहमी सांगतात, शब्द ओठांच्या आत आहे तोवर आपला, बाहेर पडला की तो दुसऱ्याचा. म्हणून कडक शब्द सोडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे:

१. *मला पूर्ण दिसतंय का?* की नुसता आवाज ऐकलाय, नुसतं पाऊल दिसलंय? ज्याच्याबद्दल आहे त्याच्या तोंडून ऐकलं का?

२. *ते थांबलंय का?* समोरचा प्रवासात, आजारपणात, रडण्यात, चार लोकांत असेल, तर ते धावतं हरीण आहे. घरी येऊ दे, जेवू दे, समोर बसू दे.

३. *बाण सोडल्यावर त्याच्या मागे जायची माझी तयारी आहे का?* बाण लागल्यावर जनावराचा माग शेवटपर्यंत काढणं हे शिकाऱ्याचंही कर्तव्य मानतात. दशरथ राजाही पाण्याचा घडा घेऊन त्या आंधळ्या आईबापांसमोर स्वतः गेला. जरा व्याध धावत आला आणि पायांवर पडला, देवाने त्याला क्षमा केली. मुलाला कडक बोलायचं असेल तर बोला, पण त्या रात्री त्याच्या शेजारी बसायची तयारी ठेवून बोला. बोलून स्वतःच्या खोलीत जाऊन झोपणार असाल, तर बाण भात्यात ठेवा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, नाहीतर याचा उलटा अर्थ होईल. थांबणं म्हणजे गप्प बसणं नाही. प्लांटमध्ये गॅसचा सायरन वाजला की कोणी माळ ओढत बसत नाही, ठरलेल्या जागी पळायचंच असतं. तसंच घरात कोणी सुनेवर, लेकरावर, म्हाताऱ्या माणसावर हात उचलत असेल, तर तिथे 'योग्य वेळेची' वाट बघणं हे पाप आहे. तिथे त्याच क्षणी मध्ये पडायचं. आणि वर्षानुवर्षं मनात ताणून धरलेली दोरीही बरी नव्हे, हात थरथरायला लागतात आणि बाण भलत्याच दिवशी, भलत्याच माणसावर सुटतो. बोलायचंच आहे. पूर्ण बघून, समोर बसवून आणि नंतर सोबत राहून बोलायचं आहे.

माघातल्या महाशिवरात्रीच्या सुमारास संध्याकाळनंतर सुवालीच्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन गेलात, तर वर मृग नक्षत्र दाखवा. त्याच्या जवळच लखलखणारा व्याधाचा तारा आहे. मृगाच्या पोटातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांना आपली जुनी माणसं बाण म्हणतात. मुलांना दोन्ही सांगा. एक बाण सुटला, तो अजून तिथेच आहे, कोणाला काढता आला नाही. आणि एक बाण व्याधाने खाली ठेवला, त्याची कथा आपण दर वर्षी हात जोडून ऐकतो.

*या आठवड्याची उपासना:* घरातल्या कोणाचाही राग आला आणि ग्रुपवर लिहायला बोट गेलं, की फोन उलटा ठेवायचा आणि एक माळ जप करायचा. माळ पूर्ण झाल्यावर वरचे तीन प्रश्न. तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तर बोला, तेही ग्रुपवर नाही, त्या माणसाशी. आणि मुलांनो, तुम्हीही एक करा. नापास झालात, पैसे हरवले, काही चुकलं, तर हरणीसारखं आपणहून परत या. घरी सांगा. तुम्ही आलात की मोठ्यांच्या हातून धनुष्य गळतंच.

सद्गुरू चरणी हीच प्रार्थना, की आपल्या कोणाच्याही घरात न बघता सोडलेला बाण नसावा.

हा संदेश आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवावा, ही विनंती. 🙏

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥