मुखवटा तोच, माणूस दुसरा

उन्हाळ्याच्या तोंडावर जव्हार-मोखाड्याच्या गावांत बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव होतो. सांबळ घुमू लागला, टेंभे पेटले की आधी गणपतीचं सोंग निघतं आणि त्यामागून रात्रभर देव, दैत्य, रामायण-महाभारतातली पात्रं येत राहतात. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, तिचं वाजवणंही वेगळं. बऱ्याच गावांत एकेका सोंगाचा मान एकेका घराण्याकडे असतो. बाप थकला की मुलगा मुखवटा चढवतो. तरी यंदा देवी दुसरीच आली असं कुणी म्हणत नाही. देह हे वस्त्र, ते बदललं तरी आतला देही तोच, ही गीतेची शिकवण आपल्याला पाठ आहे. बोहाड्यात नेमकं उलट घडतं. वस्त्र तेच राहतं आणि आतला माणूस बदलतो. मग देवी 'तीच' आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

असाच पेच अगदी वेगळ्या कारणाने बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथेच्या मालिकेपुढे उभा राहिला होता. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती सुरू झाली. तीन वर्षांत विल्यम हार्टनेल या मुख्य नटाची प्रकृती ढासळली, तेव्हा निर्मात्यांनी तोड काढली, की हा परग्रहावरचा डॉक्टर मरणाच्या दारात नवा देह धारण करतो. त्याच्या जागी आलेल्या पॅट्रिक ट्राउटनने हार्टनेलची नक्कल मुळीच केली नाही, तरी प्रेक्षकांनी त्याला डॉक्टर म्हणून स्वीकारलं. याचा अर्थ पुनर्जन्मासारखा लावता येतो: आठवणी त्याच, म्हणून व्यक्ती तीच. मला हे पटत नाही, कारण मालिकेनेच डॉक्टरचं चरित्र वारंवार मोडलं आहे. बाराच वेळा देह बदलता येतो असं १९७६ मध्ये ठरवलं, २०१३ मध्ये ती मर्यादा ओलांडली, २०२० मध्ये तर त्याच्या जन्माची हकिगतच फिरवली. ओळख चरित्रात साठलेली असती तर डॉक्टर तिथेच संपायला हवा होता. मग ती कुठे असते? साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या चित्रफिती खुद्द बीबीसीने पुसून टाकल्या. त्यांचा आवाज उरला तो घरी बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रेक्षकांमुळे. जपणारे कोण, हे यातून दिसतं. सातत्य पात्राच्या आत नसतं. ज्यांना ते पात्र ओळखता येतं आणि ओळखणं आपलं काम वाटतं, त्यांच्यात ते असतं.

२०१७ मध्ये जोडी व्हिटाकर ही पहिली स्त्री डॉक्टर म्हणून आली तेव्हा मोठा वाद पेटला. बोहाड्यात देवीचा मुखवटा परंपरेने पुरुषच चढवत आले आहेत आणि त्यावर शंका निघत नाही. याचं कारण भोळेपणा नव्हे. इथे पाहणाऱ्यांची नजर चेहऱ्यामागच्या माणसावर नसतेच. पाऊल सांबळावर बरोबर पडतं का, हे ती पाहते. आणि पाऊल चुकलं तर ते कळणारी म्हातारी माणसं कडेला बसलेली असतात.

यावर भाविकाचा आक्षेप रास्त आहे. ओळखणाऱ्यांवर सगळं अवलंबून असेल तर देवी ही गावाची कल्पनाच ठरते, आणि पूजा करून चढवलेला मुखवटा एखाद्या कंपनीच्या मालमत्तेच्या पंक्तीला बसतो. पण मी बोलतो आहे ते 'तीच आहे' हे कसं कळतं याबद्दल. ती आहे की नाही, याचा निवाडा त्यातून होत नाही. भाविकाच्या लेखी देवी आधी आहे, ओळख नंतर. डॉक्टरच्या बाबतीत ओळखीपलीकडे काहीच नाही. हा फरक मोठा आहे आणि तो पुसायचं कारण नाही. उलट त्यातूनच बोहाड्याची जबाबदारी अधिक जड होते: मालिकेचा प्रेक्षक कंटाळला तर दूरचित्रवाणी संच बंद करतो, मानकऱ्याला तशी मोकळीक नाही. दुसरा आक्षेप असा, की मुखवटे तर आहेतच, ते नीट जतन केले म्हणजे झालं. पण शोभेसाठी विकत घेऊन भिंतीवर टांगलेल्या मुखवट्याला कुणी देवी म्हणत नाही, मग तो त्याच कारागिराच्या हातचा का असेना.

'डॉक्टर हू' १९८९ मध्ये थांबली आणि, १९९६ चा एक चित्रपट सोडला तर, २००५ मध्येच परतली. ती परत आणणारा रसेल टी. डेव्हिस लहानपणापासून तिच्यावर वाढलेला होता. बोहाड्यालाही असं पाहत वाढलेलं माणूस लागतं. पण जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर भिवंडी-वसईकडे जातात, शिमग्याला जमलं तर येतात. ज्या पोराने लहानपणी कडेला बसून ती चाल पाहिलीच नाही, त्याच्या हाती उद्या मुखवटा आला तरी पाऊल कुठे टाकायचं हे त्याला कोण सांगणार? म्हणून गावातच वेळेवर रोजगार हमीचं काम मिळतं की नाही, हा प्रश्न मला देवीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.