चढावरचा दोष

सपाट रस्त्यावर ज्याचा दोष दिसत नाही आणि ओझे ओढीत चढ चढताना मात्र उघडा पडतो, त्याला सदोष म्हणावे की निर्दोष? हा प्रश्न आम्हांस कोणा ग्रंथाने घातला नाही. देवनहळ्ळीच्या एका गॅरेजात, तेलाने काळ्या पडलेल्या बाकावर बसलो असता तो सुचला आणि अद्याप आमचा पिच्छा सोडीत नाही.

घडले ते असे. कचेरीच्या एका समारंभासाठी नंदीच्या डोंगरावर चाकांवरचा जनित्रसंच न्यायचा होता. भाड्याच्या डिझेल पिकअपमागे तो जोडला. देवनहळ्ळीहून निघताना गाडी उत्तम धावली. चढ लागताच तिचा दम सुटला, मागून काळा धूर येऊ लागला आणि एका वळणावर ती उभीच राहिली. समारंभ अंधारात उरकला. कारण नोंदवण्याचे काम आमच्याकडे आले. चालक म्हणत होता, "गाडीयल्लि दम् इल्ल, सार्." गाडीतच दम नाही, असे त्याचे म्हणणे. आम्हांस तेवढी कन्नड कळते. पण कळणे निराळे आणि ऐकून घेणे निराळे. गाडी न पाहताच आम्ही टिपणीत लिहिले: "चालकाचा हलगर्जीपणा." त्या दोन शब्दांच्या आधारे कंत्राटदाराने त्याची मजुरी कापली.

पुढे दुरुस्तीच्या बिलाची पडताळणी करण्यास आम्ही गॅरेजात गेलो, तेव्हा मिस्त्री काम करीतच होता. हा मनुष्य आमच्यासारखा आधी निकाल आणि मग चौकशी असे करीत नव्हता. डिझेलचा फिल्टर त्याने बदलून पाहिला होता. फरक पडला नव्हता. हवेचा फिल्टर स्वच्छ होता. चाके हातास गरम लागत नव्हती, म्हणजे ब्रेक धरून राहिलेले नव्हते. इंजिनाचे फेरे वाढून वेग मात्र वाढत नाही, असेही होत नव्हते. तेव्हा क्लच घसरत नव्हता. राहिला तो काळा धूर. धूर काळा, म्हणजे डिझेल पोचते आहे पण ते पुरते जळण्यास हवा पोचत नाही. टर्बोपासून इंजिनापर्यंतची वाट त्याने बोटांनी चाचपली आणि एका रबरी नळीच्या खालच्या अंगास, तेलाच्या पुसट थराखाली, बोटभर चीर सापडली. गाडी उभी असताना ती मिटलेली असे. ओझे आले, टर्बोने दाब वाढवला की ती उघडे आणि हवा बाहेर निसटे. नंदीचा माथा १४७८ मीटर उंच. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे आठव्या हिश्श्याने विरळ. टर्बो ती उणीव भरून काढतो, पण नळी फुटकी असल्यावर तो तरी काय करणार!

चालकाने ही गोष्ट निघण्यापूर्वीच कंत्राटदाराच्या कानावर घातली होती, हे आम्हांस तेथेच कळले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना व्यापार आणि पाचवे दैव. पाचही असता एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी तेथे कच्ची ठरवली आहे. हे वचन आम्ही आजवर अहंकाराविरुद्धचे समजत आलो. अपयश दुसऱ्याचे असले म्हणजे तेच उलटे लागू पडते, हे ध्यानात आले नव्हते. चढ, ओझे, नळी, कंत्राटदाराची काटकसर, आमची घाई, ही सारी कारणे बाजूस सारून ज्याचे हात सुकाणूवर होते त्या एकट्यास आम्ही कर्ता ठरवले. यशाच्या वेळी मात्र त्याला कोणी कर्ता म्हणत नाही. १७९१ साली याच नंदीदुर्गास कंपनीच्या फौजेने वेढा दिला, तेव्हा तोफा या चढावर ओढून नेल्या. इतिहासात नावे उरली ती सेनानींची.

कोणी म्हणेल, ओझ्याखाली दिसणारा दोषही दोषच. मान्य आहे, चीर खरीच होती. पण ती कोणाची, हे उभ्या गाडीकडे पाहून सांगता येत नाही, आणि टेबलाशी बसून तर नाहीच. परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांस याचा थोडाफार अनुभव असेल. घरी शांत असलेला मनुष्य बदलीच्या गावी, भाषा न येता, मुलांच्या शाळेची चिंता वाहता वाहता एकाएकी शिपायावर ओरडतो, आणि त्याच्या गोपनीय अहवालात 'तापट' हा शब्द कायमचा बसतो. उलट, ज्याच्यावर कधी भारच पडला नाही त्याचा अहवाल निर्मळ. त्या निर्मळपणाचे मोल किती, याविषयी आम्ही हल्ली साशंक आहोत.

सहकारी म्हणाले, "वर गेलेली फाइल कशाला परत मागवता? बिल तर मंजूर झाले." आम्ही दुसरी टिपणी लिहावयास घेतली. नळीची हकीकत सहज लिहून झाली. "पूर्वीचा शेरा पाहणी न करता दिला होता" हे वाक्य मात्र तीनदा खोडले. एकदा तर ते कर्मणी प्रयोगात अशा खुबीने बसवले की, शेरा जणू आपोआपच उमटला होता! शेवटी "मी" असे स्पष्ट लिहून खाली सही केली.

मजुरी परत देण्याविषयी कंत्राटदाराचे उत्तर अजून आलेले नाही. चालक परवा बसस्टँडावर भेटला. आम्ही मोडक्या कन्नडमध्ये सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, नळी नवी घातली की जुनीलाच पट्टी मारली?