हौसेचे ठिपके

मित्राच्या मुलीने गेल्या महिन्यात एका नाट्यमहोत्सवाचं पोस्टर दाखवलं. मथळा रोमन अक्षरांत, सगळा गोल ठिपक्यांचा, जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून आल्यासारखा. देखणा होता, हे आधी कबूल करतो. तरी विचारलंच, "हे ठिपके कशाला? तुझ्या लॅपटॉपवर हवी ती रेघ काढता येते की." "रेट्रो आहे, काका," ती म्हणाली.

नाइलाजातून जन्मलेलं रूप नाइलाज संपल्यावर हौसेने मिरवलं, तर ते खोटं ठरतं का?

झुझाना लिको या टंककर्तीने 1985च्या सुमारास पहिल्या मॅकिंटॉशवर काही टंक घडवले. पडद्यावर इंचाला 72 बिंदू, त्यामुळे तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांचीच दिसायची. तिने त्या पायऱ्या लपवल्या नाहीत, त्यांतूनच अक्षराचा घाट काढला. 2001मध्ये, गुळगुळीत अक्षरं कुठेही मिळत असताना, तिने ते टंक 'लो-रेझ' नावाने एकत्र करून पुन्हा आणले. यात मला खोटेपणा दिसत नाही. ती अडचण तिने स्वतः भोगली होती.

आमचं तसं नाही. हायवेवर 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी दिसली की आपण गाडी थांबवतो, आणि धुराने डोळे चोळत चूल फुंकलेली आजी मात्र गॅस आल्यावर पुन्हा चुलीकडे फिरकलेली नसते. चव खरीच असते. पण तिची आठवण कुणाची, हे विचारायला हवं.

पाच बाय सातच्या चौकटीत, म्हणजे 35 ठिपक्यांत, रोमन कॅपिटल अक्षर आरामात बसतं. देवनागरीची एक ओळ शिरोरेषेतच जाते. वर वेलांटी नि रफार, खाली उकार. उरलेल्यात जोडाक्षराने मावायचं कसं? मावलं नाही की त्याचा पाय मोडायचा, किंवा मजकूरच इंग्रजीत छापायचा. माझे वडील जन्मभर मराठी शिकवत होते. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव ठिपक्यांच्या रोमन अक्षरांत यायचं आणि रकाना संपला की आडनावाच्या मध्येच तुटायचं. ते दर महिन्याला पेनाने पूर्ण नाव वर लिहीत. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. त्या ठिपक्यांची हुरहुर मला कशी वाटावी?

यात तिचा काय दोष, हेही खरं. तिने तो प्रिंटर पाहिलेलाही नाही. म्हणून ठिपके काढून टाक असं न म्हणता एवढंच म्हणालो, "हेच मराठीत करून बघ."

चार दिवसांनी तिचा फोन आला. 'नाट्य'मधला ट्य तिला छळत होता. "सात ओळींत बसतच नाही, काका. पाय मोडून ट आणि य वेगळे लिहू?"

"नको."

"सोळा ओळी घेतल्या तर बसतो. पण मग ठिपके इतके बारीक होतात की लांबून ते ठिपके वाटतच नाहीत. साधंच अक्षर दिसतं."